क्रमिक पुस्तके: आठवण की पुरावा?

जुन्या क्रमिक पुस्तकांना अलीकडे बरे दिवस आले आहेत. चाळिशी-पन्नाशीतल्या कोणत्याही मंडळींत जुन्या बालभारतीचे मुखपृष्ठ दाखवा. क्षणात आवाज बदलतात, कोणी धड्याचे नाव सांगतो, कोणी कवितेची चाल धरतो. जी पुस्तके वर्ष संपताच धाकट्या भावंडाकडे, नाहीतर अर्ध्या किमतीत शेजाऱ्याकडे जात, ती आता पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत फाउंटनच्या पदपथावर दिसली, तर विक्रेता ती वेगळी काढून ठेवतो. त्यांचे संग्राहक आहेत, संग्राहकांत चढाओढ आहे, आणि चांगल्या प्रतीला चांगली किंमत आहे. मीही या संग्राहकांपैकीच एक असल्याने पुढे जे लिहिते आहे ते बाहेरून केलेली टीका समजू नये.

माझे म्हणणे थोडक्यात असे: आपण ही पुस्तके चुकीच्या कारणासाठी गोळा करतो आहोत, आणि म्हणून चुकीच्या प्रती गोळा करतो आहोत. आपण आठवण जपतो. जपायला हवा तो पुरावा.

या विषयावर बोलण्याआधी एक कबुली द्यायला हवी. माझे वडील धुळे जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या निधनानंतर गावचे घर आवरताना एक पत्र्याची ट्रंक निघाली. तीत कादंबऱ्या होत्या, दिवाळी अंक होते, आणि तळाशी पहिली ते चौथीची क्रमिक पुस्तके होती. काही ते स्वतः मुलगा असतानाची, बाकीची त्यांनी शिकवलेली. मी कादंबऱ्या ठेवल्या, निवडक दिवाळी अंक ठेवले आणि क्रमिक पुस्तके रद्दीत घातली. त्यावेळी मी मराठीची अध्यापक होते. मराठी वाङ्मयाची एम.ए. असूनही मी असे केले, असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर, ती पदवी होती म्हणूनच केले. वाङ्मय कशाला म्हणायचे याचे जे शिक्षण मला मिळाले होते, त्यात शाळेच्या पुस्तकाला जागाच नव्हती.

एक पुस्तक मात्र वाचले. शेतसाऱ्याच्या पावत्या ठेवण्यासाठी वडिलांनी तिसरीचे एक पुस्तक वापरले होते आणि ते कागदपत्रांच्या पिशवीत राहिले. पुढे कधीतरी पावती शोधताना मी ते उघडले. समासांत पेन्सिलीने शब्द लिहिलेले होते. 'मुलगा' या शब्दाशेजारी 'आंडोर', 'येथे'शेजारी 'आठे', 'तेथे'शेजारी 'तठे'. वर्गातली मुले अहिराणी बोलत, पुस्तक पुणेरी मराठी बोलत होते, आणि दोहोंच्या मध्ये उभा असलेला शिक्षक पानाच्या कडेला आपला स्वतःचा शब्दकोश लिहीत होता. प्रमाणभाषा आणि बोली यांच्या संबंधांवर मी अनेक वर्षे व्याख्याने देत आले आहे. तो संबंध प्रत्यक्षात वर्गात कसा घडत होता याचे चार-पाच पुस्तकांतले साधन मी किलोच्या भावाने विकले होते.

तेव्हापासून मला प्रश्न पडतो तो असा की, आपल्या वाङ्मयेतिहासाने या पुस्तकांकडे पाठ का फिरवावी? गाजलेल्या कादंबरीची एक आवृत्ती किती वाचकांपर्यंत जाते आणि तिसरीचे पुस्तक किती मुलांपर्यंत जाते, याची तुलना करायलाही नको. असंख्य घरांत आयुष्यात वाचलेली एकमेव मराठी पुस्तके म्हणजे शाळेची पुस्तके. कोणता कवी 'मोठा' हे समीक्षक ठरवतात असे आपण मानतो. पण तो निर्णय बहुतेकांच्या बाबतीत समीक्षकांच्या कितीतरी आधी, सातवीच्या वर्गात लागलेला असतो.

प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही, गद्याचाही आहे. मुंबईत १८२२ मध्ये शाळापुस्तके तयार करण्यासाठी मंडळी स्थापन झाली आणि छापील मराठी गद्याचा एक मोठा प्रवाह तेथून सुरू झाला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' १८२८ चे. ते बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाच्या इंग्रजी अवतारावरून उतरवलेले. म्हणजे छापील मराठीतल्या पहिल्यावहिल्या 'आदर्श' मुलांपैकी काही मुळात फ्रेंच होती! वुडच्या १८५४ च्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते आले आणि सरकारी क्रमिक पुस्तकांवर मेजर टॉमस कँडी यांची देखरेख राहिली. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. ती रुजली कोठे? पंडितांच्या ग्रंथांत नव्हे. पाठ मोठ्याने वाचताना स्वल्पविरामापाशी थांबणाऱ्या मुलांच्या जिभेवर. पुढे १९३० नंतरच्या काळात आचार्य अत्रे आणि वि. द. घाटे यांची 'नवयुग वाचनमाला' आली आणि उपदेशाच्या जागी मुलांच्या जगातले विषय, हसती-खेळती भाषा धड्यांत आली. हा बदल कोणत्याही वाङ्मयीन चळवळीइतका महत्त्वाचा आहे. पण 'नवकाव्या'वर प्रबंध लिहिणाऱ्यांच्या तुलनेत वाचनमालांवर लिहिणारे किती, हे आपल्या विद्यापीठांच्या प्रबंधसूची पाहिल्या म्हणजे कळते.

संग्रहाकडे वळल्यावर पहिली शिकवण मिळते ती नम्रतेची. हाती येणाऱ्या प्रतीला बहुधा मुखपृष्ठ नसते, पहिली चार पाने नसतात. मग पुस्तकाचे वय पुस्तकालाच विचारावे लागते. किंमत आण्यांत असेल तर ते एप्रिल १९५७ च्या आधीचे असण्याचा संभव. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ मधले. 'केलें', 'मुलें', 'घरांत' असे अनुस्वार डोक्यावर असतील तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे. अर्थात जुन्या छापाची पुनर्मुद्रणे पुढेही निघत राहतात, म्हणून या एका खुणेवर विसंबू नये. गणिताचा पाठ शेर-मणात बोलतो की किलोग्रॅममध्ये, हेही पाहावे. राष्ट्रीय प्रतिज्ञा छापलेली असेल तर पुस्तक १९६२ च्या आधीचे असूच शकत नाही, कारण ती मुळात त्या वर्षी तेलुगूत लिहिली गेली. आणि संविधानाच्या उद्देशिकेत 'समाजवादी धर्मनिरपेक्ष' हे शब्द असतील तर ते १९७६ च्या घटनादुरुस्तीनंतरचे. मोडी वाचनाचे शिळाछापी पुस्तक हाती लागले, तर आपण एका संपूर्ण लिपीच्या शेवटच्या पिढ्यांपैकी एकीच्या सोबत बसलो आहोत याचे भान येते.

सांगायचा मुद्दा असा की, एका फाटक्या पुस्तकात चलन, मापे, शुद्धलेखन, लिपी आणि राज्यघटना या साऱ्यांचे इतिहास एकत्र येतात. एवढा दाट पुरावा दुसऱ्या कोणत्या बालवाङ्मयात सापडेल?

आणि तरीही आपण या पुस्तकांतून काय उचलतो? कविता. 'आठवणीतल्या कविता' या संग्रहांनी शाळेत शिकलेल्या कविता पिढ्यान्पिढ्यांना परत मिळवून दिल्या, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्या यशातच एक हानी दडलेली आहे. कविता पुस्तकातून सोडवून घेतली की तिच्याखालचे शब्दार्थ जातात, 'कवीला काय म्हणायचे आहे?' हा प्रश्न जातो, शेजारचे चित्र जाते, तिच्या आधीचा आणि नंतरचा धडा जातो. विद्यार्थ्याला कविता कशी वाचायला शिकवली गेली, हे नेमके त्या गेलेल्या भागात असते. आपल्या पिढ्या कवितेत 'मध्यवर्ती कल्पना' का शोधत बसतात, याचे उत्तर कवितेत नाही, स्वाध्यायात आहे. संग्राहक मित्र स्वाध्यायाची पाने फाटलेली असली तरी 'कविता पूर्ण आहेत' म्हणून समाधान मानतात, तेव्हा मला वाईट वाटते.

तसाच दुसरा आग्रह कोऱ्या प्रतीचा. पानावर नाव नको, शाईचा डाग नको, मिशा काढलेले नेते नकोत. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत हा आग्रह विचित्र आहे. कोरी प्रत म्हणजे जी कोणी वाचली नाही ती! पाठ्यपुस्तक पूर्ण होते ते वापरल्यावर. कोणत्या परिच्छेदाला 'महत्त्वाचे' म्हणून कंस केला आहे, कोणता धडा 'वगळला' म्हणून काट मारली आहे, कोणत्या पानाचे कोपरे मळले आहेत आणि कोणते पान उघडलेच नाही, हे सारे वाचनाचे पुरावे आहेत. 'वाचकाचा प्रतिसाद' या संकल्पनेवर आपण परीक्षेत प्रश्न घालतो. त्या प्रतिसादाचे सर्वांत मोठे भांडार रद्दीच्या दुकानात पडून असते.

येथे कोणी म्हणेल, आता ही पुस्तके संगणकावर उपलब्ध आहेत, मग रद्दी कशाला उपसायची? २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे आपल्या बालभारतीने, आपली जुनी पुस्तके संकेतस्थळावर खुली केली आहेत, 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंकही खुले केले आहेत. ही अभिनंदनीय गोष्ट आहे. परंतु तेथे असते ती कार्यालयाची प्रत. ती पुस्तक काय सांगत होते हे दाखवते. पुस्तकाचे काय झाले हे दाखवू शकत नाही. शिवाय बालभारतीच्या आधीचे जग विखुरलेले होते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, विदर्भ मध्य प्रदेशात होता. एकच मराठी भाषा वेगवेगळ्या शिक्षणखात्यांखाली शिकवली जात होती. आज पुण्या-मुंबईच्या बाजारात जे मिळते त्यालाच 'जुनी मराठी क्रमिक पुस्तके' म्हणणे म्हणजे एका विभागाची आठवण साऱ्या महाराष्ट्राच्या नावावर चढवणे होय.

आता खऱ्या अडचणीच्या मुद्द्याकडे येते. या पुस्तकांवर आपण करतो ते प्रेम निर्मळ आहे का? जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्रचलित मराठी क्रमिक पुस्तकांची फेररचना झाली पाहिजे, ती व्यवहारोपयोगी नाहीत आणि प्रागतिकही नाहीत, असे स्पष्टपणे म्हटले होते. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य हे विषय त्यांनी मागितले. क्रमिक पुस्तकाची ही मराठी मुलखातली फार मोलाची समीक्षा आहे, आणि ती वाङ्मयाच्या वर्गात क्वचितच समीक्षा म्हणून वाचली जाते. फुल्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: हे पुस्तक कोणाच्या मुलासाठी लिहिले आहे? आपली आवडती जुनी पुस्तके उघडून हाच प्रश्न विचारावा. चित्रातले घर कोणाचे आहे? सुटीत मामाच्या गावाला जाणारा मुलगा कोण, आणि सुटीत दुसऱ्याच्या शेतात कामाला जाणारा मुलगा कोठे आहे? आई स्वयंपाकघराबाहेर कितव्या पानावर येते? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पुस्तकात सारखी मिळणार नाहीत. पण ती शोधायची तर सगळी पुस्तके हवीत, केवळ आवडती नव्हेत.

हे मला सुचले असे म्हणण्यापेक्षा, मला शिकवले गेले असे म्हणणे योग्य होईल. एम.ए.च्या वर्गाला मी एकदा सांगितले की, घरात असलेले सर्वांत जुने शालेय मराठी पुस्तक घेऊन या. माझ्या मनात अर्थातच आजोबांच्या ट्रंका होत्या. एका मुलीने खरोखरच अनुस्वारांच्या काळातले पुस्तक आणले. वर्गात ते हातोहात फिरले. काही जण रिकाम्या हाताने आले. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. त्याच्या पिशवीत बालभारतीचे दुसरीचे पुस्तक होते, पंधराएक वर्षांपूर्वीचे, त्याचे स्वतःचे, शाळेत मोफत मिळालेले. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या घरात याच्याआधी पुस्तकच नव्हतं. हे जुनं धरायचं का?"

मी पुस्तक उघडले. शेवटच्या कोऱ्या पानावर त्याच अक्षरांच्या ओळी दोनदा लिहिलेल्या होत्या; एकदा मुलाच्या हाताने, आणि त्याखाली दुसऱ्या, जड हाताने. ते कोणाचे अक्षर, असे मी विचारले. आईचे, तो म्हणाला. शाळेतून आला की तो तिला शिकवी.

त्या दिवशी वर्गात हातोहात फिरलेले पुस्तक सत्तर वर्षांचे होते, आणि ते मोलाचे होतेच. पण माझ्या कपाटातल्या साऱ्या संग्रहात या दुसरीच्या पुस्तकाइतका बोलका दस्तऐवज नाही. त्याने 'जुने' या शब्दाचा माझा अर्थ बदलला. ज्यांच्या घरी चार पिढ्यांची पुस्तके आहेत त्यांच्यासाठी जुने म्हणजे पूर्वीचे. ज्यांच्या घरी पुस्तक पहिल्यांदाच आले त्यांच्यासाठी जुने म्हणजे पहिले. संग्राहकाने वर्षे मोजली तर दुसरे घर संग्रहाबाहेर राहते, आणि उद्याचा अभ्यासक पुन्हा पहिल्या घराचाच इतिहास 'मराठी वाचनाचा इतिहास' म्हणून लिहितो. ही चूक पूर्वी एकदा झालेली आहे. ती आपल्या हातून प्रेमापोटी पुन्हा होऊ नये.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी एक कपाट या पुस्तकांसाठी राखावे. विकत घेण्याची गरज नाही; विद्यार्थी आणतील ती ठेवून घ्यावीत, द्यायची नसतील त्यांची पानन् पान छायाचित्रे घ्यावीत. प्रत फाटकी असली तरी नाकारू नये. एकाच पुस्तकाची दोन पुनर्मुद्रणे आली तर दुसरे 'दुबार' म्हणून परत करू नये. दोन पुनर्मुद्रणांच्या मध्ये एखादा धडा, एखादे चित्र, एखादा शब्द बदललेला असतो, आणि तो का बदलला हाच तर अभ्यासाचा विषय आहे. प्रत्येक प्रतीसोबत एक कागद असावा: हे पुस्तक कोणी वापरले, कोणत्या गावी, कोणत्या शाळेत, त्याच्यानंतर कोणाकडे गेले, घरात कोणती बोली बोलत. हा कागद पुस्तकाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण तो आज विचारला तरच मिळेल. आणि ज्यांचे हस्ताक्षर पानांवर आहे त्यांची परवानगी घ्यावी. एखाद्या आईने गिरवलेली अक्षरे प्रदर्शनात मांडण्याचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही.

जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे गेऑर्ग एकर्ट यांच्या नावाची संस्था जगभरच्या पाठ्यपुस्तकांचा अभ्यास करते. दुसऱ्या महायुद्धानंतर एका समाजाला असे वाटले की, आपण मुलांना काय वाचायला दिले हे तपासल्याखेरीज आपले काय झाले हे कळणार नाही. आपल्याला त्यासाठी युद्धाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कपाटात नवी पुस्तकेही यावीत. महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात काही इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत धड्यांनंतर वहीची कोरी पाने बांधून देण्यात आली होती; तो प्रयोग २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. पण त्या अल्पजीवी पुस्तकांत छापील धडा आणि मुलाचे लेखन एकाच बांधणीत राहिले, असे क्वचितच घडले असेल. मुलांनी त्या पानांवर काय लिहिले? ती पुस्तके आजच कोणाच्या तरी माळ्यावर आहेत, आणि बरीचशी रद्दीत गेलीही असतील. अजून तीस वर्षांनी कोणी संग्राहक त्यांची कोरी प्रत शोधत फिरेल. त्याला ती मिळाली, तर आपण हरलो असे समजावे.

आता माझ्याकडे असलेले ते एक तिसरीचे पुस्तक. त्यातल्या शेतसाऱ्याच्या पावत्या मी काढल्या नाहीत. ज्या पानांत त्या होत्या त्याच पानांत ठेवल्या आहेत. समासातले पेन्सिलीचे शब्द फिके होत चालले आहेत. त्यांची यादी करते आहे. आतापर्यंत एकेचाळीस झाले. रद्दीत गेलेल्या पुस्तकांत किती होते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.